पप्पा म्हणतात, मला पुरू नका (ख्रिस्ती घरातलं दहन आणि आपल्या जुन्या श्रद्धा)

पश्चिमपट्टा
घरात सध्या हा एकच विषय चालू आहे म्हणून इथे टाकतोय. आम्ही वसईचे, कॅथलिक, पिढ्यान्‌पिढ्या एकाच चर्चचे. पप्पांचं वय ७९, प्रकृती ठणठणीत, रोज सकाळी वाडीत जातात. ईस्टरला सगळी भावंडं जमली होती तेव्हा जेवता जेवता त्यांनी जाहीर केलं की मी गेल्यावर मला पुरायचं नाही, विद्युतदाहिनीत न्यायचं. मिस्सा (चर्चमधली उपासना) करा, महिन्याची मिस्सा करा, पण माझ्यासाठी जागा अडवू नका.

आई कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा म्हणाली, "शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल, मी उठेन, आणि ह्या माणसाला कुठे शोधू?" आईला थट्टा करायची सवय नाही. ती खरंच विचारत होती.

चर्चची दहनाला परवानगी आहे हे माहीत आहे. फादर म्हणाले हरकत नाही, फक्त रक्षा दफनभूमीतच ठेवा. पण परवानगीने माझा प्रश्न सुटत नाही. 'शरीराचे पुनरुत्थान' हे आपण लहानपणापासून म्हणत आलो. मी ते शब्दशः घेतलं होतं, की ही कबर, यातूनच आजोबा उठणार. आता जमीन उरली नाही, इमारती दफनभूमीच्या भिंतीला टेकल्या, आमची मुलं कॅनडात. वारशाने आलेल्या श्रद्धेतलं काय धरायचं आणि काय सोडायचं, हे ठरवतो कोण? मराठी ख्रिस्ती घरांत कुणी दहन केलंय का? इतरांनीही लिहा, फक्त 'आमच्यात बघा किती सोपं' हा सूर नको.

मिस्साचुकार
पहिला!
काकूंना सांगा, काका वाडीतच सापडतील. शेवटच्या दिवशीसुद्धा केळीला पाणी लावत असतील.

खाडीपल्याड
आमच्या काकाला ऐन जुलैत पुरलं. खड्ड्यात पाणी. पंप लावून उपसलं, तरी पेटी खाली सोडली तर तरंगायला लागली. चार जणांनी बांबूने दाबून धरली आणि वरून माती लोटली. काकी बघत होती. त्या दिवसापासून माझं दफनाबद्दलचं सगळं काव्य संपलं.

पण म्हणून थेट दहनच कशाला? वसईतच काही धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) आता पेटीशिवाय, सुती कापडात गुंडाळून पुरतात. पेटी लागते ती चर्चपासून कबरीपर्यंत नेण्यापुरती. पॉलिश केलेलं लाकूड, आत सॅटिन, अंगावर टेरिलिनचा सूट, पायात बूट, हे काही मातीत लवकर मिसळत नाही. येशूला तरी कुठे पेटी होती? तागाच्या वस्त्रात गुंडाळून ठेवलं होतं.

दादरकर
मी जन्माने हिंदू, विचाराने निरीश्वरवादी. 'आमच्यात सोपं' असं अजिबात म्हणणार नाही. एका चितेला तीनेकशे किलो लाकूड जातं, त्यात पर्यावरणाचं काही भलं नाही. दहन करायचंच तर विजेवर किंवा गॅसवर.
बाकी, माणूस मेला की संपला. पुनरुत्थान सोडून दिलंत तर हा धागाच लागत नाही.

नगरी_नाना
दादरकर, धागा काढणाऱ्याने 'काय सोडू' विचारलंय, तुम्ही घरच रिकामं करायला सांगताय.

आम्ही नगरचे, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले प्रोटेस्टंट. पश्चिमपट्टा, तुमचे पप्पा पहिले नाहीत. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली मुंबईत गेले. आपलं दहन व्हावं अशी इच्छा त्यांनी लिहून ठेवली होती, तसंच झालं आणि रक्षा नगरला आणून पुरली. म्हणजे आमच्याकडे हा विषय शंभर वर्षांपूर्वीच येऊन गेला.

टिळकांना ख्रिस्त हवा होता, साहेबाचा कोट नको होता. कीर्तन, अभंग, भजन त्यांनी उपासनेत आणलं, आणि मरणही इथल्या मातीतलं असावं असं त्यांना वाटलं. गंमत अशी की आम्ही नगरवाल्यांनी त्यांची भजनं घेतली, घराघरांत गातो, पण दहन घेतलं नाही. आमच्या मंडळीत आजही कुणी दहनाचं नाव काढलं तर ज्येष्ठ लोक 'हिंदूंसारखं' म्हणून उडवून लावतात. भजन हिंदूंसारखं चालतं, चिता चालत नाही. का, ते मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही.

कॅननबॉल
नियमांबद्दल लिहितो, कारण फेसबुकवर फार अर्धवट फिरतं.

सुरुवातीच्या काळात रोमन लोक जाळायचे, ख्रिस्ती पुरायचे. पण त्या काळातल्या ख्रिस्ती लेखकांनीच म्हटलंय की जाळल्याने आमचं काही बिघडतं म्हणून पुरतो असं नाही, ही जुनी आणि चांगली रीत आहे म्हणून पुरतो. संत ऑगस्टीननेही लिहून ठेवलंय की ज्यांना दफन मिळालं नाही त्यांचं काही अडत नाही. त्याने तर माणसाने माणसाचं मांस खाल्लं तर ते शेवटी कुणाचं, यावरसुद्धा पानं खर्च केली आहेत.

व्हॅटिकनची कडक बंदी आली ती १८८६ मध्ये. तेव्हा युरोपात फ्रीमेसन आणि चर्चविरोधी मंडळी 'पुनरुत्थान वगैरे झूट' हे दाखवायला मुद्दाम दहनाचा प्रचार करत होती. बंदीला धार आली ती त्या भांडणामुळे. भांडण विझलं तशी १९६३ मध्ये बंदी उठली. १९८३ च्या धर्मसंहितेत दफनाची शिफारस आहे, दहनाला मनाई नाही, फक्त ते श्रद्धेला विरोध म्हणून केलेलं नसावं. २०१६ च्या सूचनेत रक्षा उधळू नये, वाटून घेऊ नये, घरात ठेवू नये असं आलं. २०२३ च्या डिसेंबरात थोडी ढील दिली: रक्षेचा लहानसा अंश मृताच्या आयुष्यात महत्त्वाच्या असलेल्या जागी ठेवायची विनंती चर्च विचारात घेऊ शकतं.

म्हणजे ज्याला आपण 'दोन हजार वर्षांचं' म्हणतो त्यातली रीत जुनी आहे, पण कडक बंदी आपल्या पणजोबांच्या वेळची.

मिस्साचुकार
लहानसा अंश म्हणजे काकांच्या वाडीचा पत्ता झाला की हो.

टोरांटोकर
इकडे रक्षेचं पेंडंट करून गळ्यात घालतात. माझ्या ऑफिसातली एक बाई आईला रोज कामावर घेऊन येते.

कॅननबॉल
तेही २०१६ च्या सूचनेत आहे. दागिना करायचा नाही.

ओटीवरची_सिल्वी
जरा वेगळं लिहिते, पण विषय तोच आहे. माझ्या आजीच्या बहिणीने विहिरीत जीव दिला होता. तिला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरलं, मिस्सा नाही, घंटा नाही. आजी म्हातारी होईपर्यंत दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, सगळ्यांच्या कबरींवर मेणबत्त्या लावायची आणि मग एकटी मागच्या बाजूला जाऊन यायची. आम्हाला नेत नसे.

काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातल्या एका मुलाने तसंच केलं. त्याला चर्चमध्ये आणलं, पूर्ण मिस्सा झाली, आजोबांशेजारी जागा मिळाली. फादर प्रवचनात म्हणाले, त्याच्या मनात काय चाललं होतं ते देवाला आपल्यापेक्षा जास्त कळतं. नंतर मला समजलं की जुन्या संहितेत आत्महत्या करणाऱ्याला दफनविधी नाकारलेला होता आणि १९८३ च्या संहितेतून ते काढून टाकलंय. आमच्या घरात कुणी याला 'श्रद्धा सोडली' म्हटलं नाही. सगळे मुकाट्याने रडले आणि घरी आले. एवढी मोठी गोष्ट बदलली आणि कुणी भांडलंसुद्धा नाही, मग विद्युतदाहिनीवरून एवढं का?

खाडीपल्याड
सिल्वीताई, कारण तिथे नियम सैल होऊन आपला माणूस आत आला. इथे काकूंना वाटतंय आपला माणूस बाहेर चाललाय.

दादरकर
हे पटलं. माझा वरचा प्रतिसाद जरा उथळ होता, राहू दे.

रुस्तमची_सून
अवांतर: मी मराठी, सासर पारशी. पारशी देह दोखम्यात गिधाडांसाठी ठेवतात. गिधाडं संपली ती जनावरांना देत असलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर दोखम्यात वर काही उतरेनासं झालं होतं. २०१५ मध्ये वरळीला दहन करणाऱ्यांसाठी प्रार्थनागृह झालं तेव्हा घराघरांत भांडणं झाली. माझे सासरे शेवटपर्यंत दोखम्याच्या बाजूचे, सासूबाई वरळीला गेल्या. दोघं वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. आम्ही फोटो एकत्र लावलेत.

गोदाकाठ
सगळे प्रतिसाद वाचले. चांगले आहेत, पण वाचताना सारखं वाटत होतं की हे जमीनवाल्यांचं बोलणं आहे. तुमच्याकडे चर्चची दफनभूमी आहे, ती अपुरी पडते. आमच्याकडे ती कधी मिळालीच नाही.

मराठवाड्यातलं गाव. आमच्या पणजोबांनी ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हा वस्ती गावाबाहेर होती, अजूनही आहे. दफनाला ओढ्याकाठची एक पट्टी वापरतो, सातबाऱ्यावर तिची नोंद नाही. दोनदा ती पट्टी दुसऱ्याच कामासाठी मागितली गेली. माझ्या आजीला पुरताना सरपंचाचा माणूस उभा होता, 'लवकर आटपा' म्हणत.

त्यात दुसरी गोष्ट. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेर. त्यामुळे आमच्यात कितीतरी घरं कागदावर हिंदू आहेत आणि रविवारी चर्चमध्ये. जन्म, शाळा, नोकरी, सगळीकडे निभावतं. मेल्यावर निभावत नाही. पुरलं की गावाला कळतं, क्रूस लावला की कळतं. माझ्या एका चुलत्याला त्याच्या मुलांनी जाळलं ते पर्यावरणासाठी नाही, मुलाच्या जात पडताळणीचं प्रकरण चालू होतं म्हणून. चुलता आयुष्यभर चर्चमध्ये ढोलकी वाजवायचा.

आणि बस्तरमधल्या छिंदवाडा गावचं प्रकरण आठवा. २०२५ च्या जानेवारीत एका पाळकाचा देह जवळपास तीन आठवडे शवागारात होता, कारण गावात पुरू देत नव्हते. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. एका न्यायमूर्ती म्हणाल्या, कुटुंबाच्या शेतात पुरू द्या. दुसरे म्हणाले, ठरवून दिलेल्या जागीच. एकमत झालं नाही. शेवटी देह आणखी अडकू नये म्हणून दूरच्या करकापालच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरायचा आदेश झाला. त्या मुलाला वडिलांना आजोबांशेजारी ठेवायचं होतं, बस.

तर पप्पांनी जागा सोडायची ठरवली, त्यांचा मोठेपणा. आमच्याकडे 'दफन ही जुनी समजूत, सोडून द्या' असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जे हातात आलंच नाही ते सोडू कसं?

पश्चिमपट्टा
गोदाकाठ, तुमचा प्रतिसाद पप्पांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्याला सांग, मी माझ्यापुरतं बोलतोय." मग स्वतःच म्हणाले की असं माझ्यापुरतं काही नसतं. हल्ली असंच अर्धवट बोलून वाडीत जातात.

नगरी_नाना
गोदाकाठभाऊ, जय ख्रिस्त. आमच्या जिल्ह्यातल्या खेड्यांतही हेच आहे. टिळकांचं उदाहरण देताना मी हे विसरलोच की दहन निवडणं त्यांना सोपं होतं. जन्माने चित्पावन, स्मशानात त्यांना कोण अडवणार होतं?

कॅननबॉल
आत आल्यावरही सगळं सुटतं असं नाही. तिरुचिरापल्लीला मेलापुदूरच्या कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या आणि इतरांच्या कबरींमध्ये भिंत आहे. 'शरीराचे पुनरुत्थान' दोन्ही बाजूंना म्हणतात. माझं मत विचाराल तर फेरविचार करायचाच असेल तर सुरुवात त्या भिंतीपासून व्हावी, राख की माती हे नंतर.

मिस्साचुकार
कर्णा वाजल्यावर भिंतीवरून उड्या मारायच्या म्हणजे.

ऑर्लेमकर
कोविडबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? ३० मार्च २०२० ला मुंबई महापालिकेने परिपत्रक काढलं की कोविडने गेलेल्या सगळ्यांचं दहनच होईल, धर्म कुठलाही असो. त्याच दिवशी मागे घेतलं, पण आमच्या इमारतीत तेवढ्या काही तासांत जी घबराट झाली ती मी विसरणार नाही. नंतर जुलैत केरळात आलप्पुळा धर्मप्रांताने स्वतःहून ठरवलं की कोविडच्या देहांचं चर्चच्या दफनभूमीतच दहन करायचं आणि रक्षा तिथेच पुरायची. तिथेही पाणी वर आहे, खोल खड्डा खणता येत नाही.

माझा मामा २०२१ च्या एप्रिलमध्ये गेला. दफनाला दोन दिवस थांबावं लागेल म्हणाले, मामी स्वतः ऑक्सिजनवर. आम्ही दहन केलं. मी आणि एक भाचा, पीपीईमध्ये. फादरांनी फोनवर प्रार्थना म्हटली, मी फोन उंच धरून उभा होतो. आता रक्षा दफनभूमीच्या भिंतीतल्या कोनाड्यात आहे, वर नाव-तारीख कोरलेली संगमरवराची फरशी. मुंबईत तसंही कायमची कबर किती जणांना मिळते? सामाईक कबरीतून दोनेक वर्षांनी हाडं काढतात आणि त्याच भिंतीत ठेवतात. म्हणजे पुरलं काय आणि जाळलं काय, पोचायचं कोनाड्यातच. मामी आधी यायची नाही. आता येते, फरशी रुमालाने पुसते, शेजारच्या कोनाड्यातल्या बाईचीही पुसते.

टोरांटोकर
फादर स्टॅन स्वामींचंही दहनच झालं ना?

ऑर्लेमकर
हो. जुलै २०२१, वांद्र्याच्या सेंट पीटर्समध्ये मिस्सा झाली आणि मग दहन. जेज्वीट धर्मगुरू. रक्षा झारखंडला नेली.

मिस्साचुकार
आणि जॉर्ज फर्नांडिस! सेमिनरीतून पळालेला माणूस. २०१९ मध्ये दिल्लीत आधी दहन केलं आणि मग रक्षा ख्रिस्ती दफनभूमीत पुरली. आयुष्यभर दोन्ही बाजूंना संप, शेवटी दोन्ही बाजूंशी तडजोड.

कोकमकढी
इथे कुणी गोव्याचं नाही का? आमच्याकडे दहनाचं नाव काढलं तर 'कुटुंबाची कबर आहे ना, मग?' एवढंच उत्तर. धर्म वगैरे लांबच राहिला.

शाळामास्तरीण
मी रविवारी मुलांना धर्मशिक्षण शिकवते. दरवर्षी एक तरी मुलगा विचारतोच, "टीचर, माणसाला शार्कने खाल्लं तर?" पूर्वी मी 'देवाला सगळं शक्य आहे' म्हणून पुढचं पान उलटायची. आता करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय १५ काढते. पौल म्हणतो की जे पेरतोस ते पुढे होणारं अंग नव्हे, नुसता दाणा पेरतोस, देव त्याला अंग देतो. म्हणजे हीच हाडं, हेच दात परत जुळतील असं तो म्हणतच नाहीये. त्याच अध्यायात काकूंचा कर्णासुद्धा आहे, जरा पुढे.

पण काकूंसाठी पौलापेक्षा जोन ऑफ आर्क बरी. तिला १४३१ मध्ये रुआँला जिवंत जाळलं आणि राख सीन नदीत टाकली, कुणी अवशेष ठेवू नयेत म्हणून. १९२० मध्ये चर्चने तिला संत केलं. जिच्या शरीराचं काहीच उरलं नाही तिला उठायला अडचण नसेल, तर केळीवाल्या काकांनाही नसावी.

ओटीवरची_सिल्वी
मास्तरीण, हे मी चोरणार आहे.

खाडीपल्याड
जोनला जाळलं ते चर्चच्याच कोर्टाने दोषी ठरवल्यावर. एवढं काकूंना सांगू नका.

पश्चिमपट्टा
सगळ्यांचे आभार. जोन ऑफ आर्कचं आईला सांगितलं. ती म्हणाली, "ती संत होती. तुझे पप्पा साधं तीर्थाला चल म्हटलं तर गुडघा दुखतो म्हणतात." म्हणजे देवावर संशय नाही, पप्पांवर आहे.

पण परवा स्वतःच म्हणाली की तिला पुरायचंच, पेटीशिवाय चालेल, आणि पप्पांची राख तिच्या कबरीत ठेवायची. पप्पा लगेच हो म्हणाले, जागा एकच अडते म्हणून. आता अडचण अशी की पप्पा आधी गेले तर तोवर राख कुठे? घरात ठेवायची नाही म्हणता. आमच्या चर्चमध्ये कोनाडे नाहीत.

कॅननबॉल
तुमच्याकडे घरची जुनी कबर असेल तर आजोबांच्या कबरीत लहान कलश पुरता येतो, तेही दफनभूमीतच झालं. पुढे आई गेल्यावर तिथून हलवायचा असेल तर फादरांकडून आत्ताच लिहून घ्या, नाहीतर तेव्हाचे फादर वेगळे असतील आणि नव्याने सगळं सांगावं लागेल. दहनाचा दाखला आणि रक्षेची पावती जपून ठेवा, मृत्यूच्या नोंदवहीत जागा लिहायला लागते.

मिस्साचुकार
काकांना सासऱ्यांच्या कबरीत नको हं, आजोबा कुठले ते बघून घ्या. तिथे तरी शांतता हवी.

गोदाकाठ
धागा संपायच्या आत विचारतो. ओढ्याकाठच्या त्या पट्टीची दफनभूमी म्हणून नोंद करून घ्यायची आहे. इथे कुणी वकील किंवा महसूल खात्यातले आहेत का?

सातबारा_उतारा
महसुलातून निवृत्त. जमीन सरकारी किंवा गायरान असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ खाली जिल्हाधिकारी ती दफनभूमीसाठी राखून ठेवू शकतात. ग्रामसभेचा ठराव मिळवा, तोच सगळ्यात अवघड. ठराव देत नसतील तर तो मागितल्याचा लेखी अर्ज आणि पोच ठेवा. किती वर्षांपासून पुरता आहात याचे पुरावे जोडा: चर्चची मृत्यू नोंदवही, जुने फोटो, शेजारच्या शेतकऱ्यांचे जबाब. अर्ज तहसीलदारांमार्फत द्या आणि एक प्रत थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे. गट नंबर आणि उतारा व्यक्तिगत निरोपात पाठवा, बघून सांगतो.

गोदाकाठ
पाठवला. चर्चची नोंदवही १९३८ पासूनची आहे, पण मधली काही पानं वाळवीने खाल्लीत.

सातबारा_उतारा
उरलेली सगळी स्कॅन करा. खाल्लेली पानंसुद्धा.